सावित्री खोऱ्यातील जैवविविधता

महाबळेश्वरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाडमार्गे बाणकोटच्या खाडीत उतरते. महाडजवळ नदीत मगरी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्यांना संरक्षण देतो. पण औद्योगिक वसाहतीचे रासायनिक सांडपाणी रोखल्याशिवाय हे संरक्षण अपुरेच. पोलादपूरच्या डोंगरउतारांवर वणवे आणि वृक्षतोड रोपे व घरटी नष्ट करतात. देवरायांनी मात्र जुनी झाडे राखली.

गिधाडांचा अनुभव आशादायक आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली मृत गुरे खाऊन गिधाडे देशभर मेली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. महाडच्या सिस्केप संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगावात ग्रामस्थांच्या साथीने घरट्यांची झाडे जपली आणि गिधाडांना खाद्य पुरवले.