निरुत्तर राजा: कोडे, अद्भुतकथा आणि भिलाईतील मराठी बालवाचक

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला कोणते पुस्तक वाचावयास द्यावे, हा प्रश्न सामान्यतः शिक्षणशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांच्या संदर्भात मात्र तो वाङ्मयेतिहासाचाही प्रश्न ठरतो. भिलाईतील वैशाली नगर ही वसाहत डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत निबंधात त्याचा विचार करावयाचा आहे.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या प्रदेशाचा मराठीशी संबंध त्याहून जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी पुढे १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच राहिली. तथापि येथील शाळेची भाषा हिंदी वा इंग्रजी. परिणामी मराठी मुलाला स्वभाषा प्रथम कानांनी भेटते, डोळ्यांनी भेटलीच तर पुष्कळ उशिरा. कानांनी भेटणाऱ्या या वाङ्मयात कोड्याचे स्थान अग्रभागी आहे.

कोड्याला आपल्याकडे शास्त्रमान्यता होती. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. मराठीत कोडे, कूट, हुमाण, उखाणा असे शब्द रूढ झाले. पैकी उखाणा पुढे मुख्यत्वे नाव घेण्याच्या विधीशी जोडला गेला आणि त्याचा मूळचा कूटार्थ क्षीण झाला. छत्तीसगडी बोलीत कोड्याला जनउला म्हणतात. व्हेरिअर एल्विन आणि डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९४३ मध्ये भारतीय कोड्यांचे संकलन प्रसिद्ध केले, तर दुर्गा भागवत यांनी १९६५ मध्ये भारतीय जीवन, लोकविद्या आणि साहित्य यांतील कोड्यांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. मध्य भारतातील आदिवासींच्या लोकवाङ्मयाचा प्रत्यक्ष अभ्यास केलेल्या या मराठी लेखिकेला कोडे ही केवळ मुलांची करमणूक वाटली नाही, ही बाब लक्षणीय आहे.

कोडे आणि अद्भुतकथा यांची गती परस्परविरुद्ध, परंतु एकाच मार्गावरची असते. कोडे अद्भुतापासून आरंभ करते आणि नारळ, दिवा, कांदा अशा घरातल्या वस्तूपाशी येऊन थांबते. अद्भुतकथा घरातून निघते आणि अनोळखी प्रदेशात पोचते. म्हणूनच कोड्यात रमलेले मूल अद्भुतकथेचा वाचक होण्यास अर्धे सिद्ध झालेले असते.

या दोहोंचा संगम आपल्या परंपरेत वेताळाच्या कथाचक्रात झाला. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हे चक्र आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘वेताळपंचविशी’ने (१८३०) ते मुद्रणयुगाच्या प्रारंभीच मराठीत आणले. त्यातील अट विलक्षण आहे. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल; उत्तर दिले तर मौन मोडेल आणि प्रेत पुन्हा झाडावर जाईल. अर्थात् येथे प्रत्येक बिनचूक उत्तर राजाला मागे नेते. अखेरीस वेताळ नात्यांच्या गुंत्याचा असा प्रश्न घालतो की राजाला उत्तर सुचत नाही. तो खरोखरच निरुत्तर होतो, आणि तेव्हा प्रसन्न झालेला वेताळ त्याला कपटी भिक्षूचा बेत सांगून त्याचे प्राण वाचवितो.

विसाव्या शतकात हा वेताळ मुलांपर्यंत पोचला तो प्रामुख्याने ‘चांदोबा’तून. ‘चंदामामा’ १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये निघाले. मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही नव्या कथा रचून ती मालिका चालू राहिली. के. सी. शिवशंकरन (१९२४-२०२०) यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा हीच अनेकांची विक्रमाची एकमेव प्रतिमा आहे. तौलनिक अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटावी. देशाच्या सर्व भागांतून माणसे आलेल्या भिलाईसारख्या नगरात मराठी मुलाला आणि त्याच्या तेलुगू, ओडिया वा बंगाली शेजाऱ्याला एकच वेताळ आपापल्या भाषेत वाचता येत होता. या मासिकाची छपाई २०१० नंतर थांबली, तेव्हा भाषाभाषांमधील हे सामाईक अंगणही नाहीसे झाले.

आज त्या वयाच्या वाचकाला सुचविली जाणारी अद्भुतकथा बहुधा पाश्चात्त्य असते. तिच्याविषयी नाराजी धरण्याचे कारण नाही. टोल्किनच्या ‘हॉबिट’मध्ये (१९३७) काळोख्या भुयारात कोड्यांचा सामना रंगतो, आणि शेवटचा प्रश्न खऱ्या अर्थाने कोडे नसतोच, खिशात काय आहे, एवढेच बिल्बो विचारतो. यामागे हेइद्रेकच्या नॉर्स सागेतील प्रसंग उभा आहे. तेथे वेषांतर केलेला ओदिन मृत पुत्राच्या कानात आपण काय सांगितले, असे विचारतो, आणि संतप्त राजा त्याच्यावर तलवार उगारतो. तिन्ही ठिकाणी शेवट अनुत्तरित प्रश्नाने होतो, परंतु फलित भिन्न आहे. नॉर्स राजा निरुत्तर होताच शस्त्र उचलतो, गॉलम सूडाला प्रवृत्त होतो. सोमदेवाचा राजा मात्र निरुत्तर झाल्यामुळेच वाचतो. मीना किणीकर यांच्या अनुवादामुळे ‘हॉबिट’ मराठीत उपलब्ध आहे. वेताळाशेजारी ठेवून तो वाचला, तर अकरा वर्षांच्या मुलालाही हा भेद जाणवू शकेल.

या मांडणीतील तिसरे पुस्तक भिलाईच्या अगदी निकटचे आहे. घरची भाषा मराठी असलेले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शेजारच्या राजनांदगावी अध्यापक होते. त्यांनी काव्यनिर्मितीची उपपत्ती सांगताना ‘फँटसी’ला मध्यवर्ती स्थान दिले, मात्र लिहिले हिंदीत. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या त्यांच्या कथेत गुरूचा हात अकस्मात लांबत जातो आणि बारा वर्षांच्या विद्याभ्यासाचे रहस्य उलगडते. योग्य शिष्याला ज्ञान न दिल्यामुळे गुरू ब्रह्मराक्षस झाला होता. आता तेच ऋण शिष्याच्या शिरावर आले. कोड्याचा उलगडा येथे दायित्वात परिणत होतो.

वैशाली नगरातील मराठी घरांपुढचा प्रश्नही या दायित्वाचाच आहे. आजीकडची कोडी नातवंडांपर्यंत पोचली नाहीत, तर मराठी पुस्तक त्यांच्या हाती भाषिक कर्तव्य म्हणून पडेल आणि कर्तव्य म्हणून मिटले जाईल. भाषाशुद्धीचा आग्रह येथे उपकारक नाही. आजीचे कोडे, शेजारणीचा जनउला, मराठीतील वेताळ, अनुवादित ‘हॉबिट’ आणि हिंदीतील ब्रह्मराक्षस ही एकाच फळीवरची पुस्तके मानावयास हवीत. ती देताना मोठ्यांनी उत्तरे सांगण्याची घाई करू नये. मुलाने विचारलेल्या कोड्याला कधीतरी मनापासून निरुत्तर व्हावे. विक्रमाला तेवढ्यानेच प्राणदान मिळाले होते.