लॉर्त्सिंग कुटुंब साहाय्यार्थ प्रयोग
(१८५१). जर्मन संगीतकार आल्बेर्ट लॉर्त्सिंग (१८०१–१८५१) याच्या निधनानंतर त्याच्या पत्नी-मुलांसाठी जर्मन रंगमंदिरांत झालेले मदतीचे खेळ. नट, गायक, वाद्यवृंद-संचालक आणि स्वतःच्या बहुतेक ऑपेरांचा संहिताकार असलेल्या लॉर्त्सिंगच्या ‘त्सार उंट त्सिमरमान’ (लाइपसिक, १८३७) या विनोदी ऑपेराने अमाप लोकप्रियता मिळवली. रशियाचा सम्राट पीटर हा हॉलंडच्या जहाजगोदीत वेष पालटून सुतारकाम करतो, असे तिचे कथानक आहे.

तरीही लॉर्त्सिंग कफल्लकच राहिला. रंगमंदिरे त्याच्याकडून ऑपेरा एकदाच ठरावीक रक्कम देऊन घेत. पुढे कितीही प्रयोग झाले, प्रेक्षागृह भरभरून वाहिले, तरी संगीतकाराला दमडी मिळत नसे. हा उघड अन्यायच होता. बर्लिनच्या एका दुय्यम रंगमंदिरात तुटपुंज्या पगारावर काम करत असताना, २१ जानेवारी १८५१ रोजी पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. त्याची अखेरची एकांकी ऑपेरा फ्रँकफुर्टमध्ये आदल्याच संध्याकाळी प्रथम रंगली होती.

मागे राहिलेल्या मोठ्या कुटुंबासाठी मग रंगमंदिरे पुढे आली. मदतीच्या खेळाचे उत्पन्न कलावंताच्या कुटुंबाला देण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकातील यूरोपात रूढ होता. विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या अभावी कलावंतांच्या विधवांना बहुधा तोच आधार असे. मात्र ही मदत कलेच्या मोबदल्याचा हक्क म्हणून नव्हे, दया म्हणून मिळे. प्रयोगांचे मानधन गोळा करणारी संगीतकारांची फ्रेंच संस्था ‘सासेम’ पॅरिसमध्ये त्याच वर्षी स्थापन झाली.