मॉरिशसची साखर व प्राधान्य-व्यापार

एखाद्या देशाच्या मालावर आयात करणाऱ्या देशाने इतरांपेक्षा कमी जकात आकारणे, किंवा त्या मालाचा ठराविक वाटा ठराविक दराने विकत घेण्याची हमी देणे, याला व्यापारातील प्राधान्य म्हणतात. मोठ्या देशांच्या दृष्टीने अशी सवलत हा परराष्ट्रनीतीचा एक किरकोळ भाग असतो. लहान द्वीपराष्ट्रांच्या दृष्टीने मात्र तो कित्येकदा उपजीविकेचा प्रश्न ठरतो. हिंदी महासागरातील मॉरिशस हे याचे ठळक उदाहरण होय. प्राधान्य मिळाल्याने, ते गेल्याने आणि पुन्हा मिळाल्याने या बेटाची लोकवस्ती, जमिनीची मालकी व राजकारण ही सर्वच बदलत गेली. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या मजुरांच्या वंशजांचा इतिहासही याच साखरेच्या इतिहासात गुंफलेला आहे.

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सु. १,८६५ चौ. किमी. आहे, म्हणजे परभणी जिल्ह्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांवर होती, मॉरिशसची सु. साडेबारा लाख आहे. परभणीच्या शेतकऱ्याचा कापूस किंवा ज्वारी नांदेड, जालना किंवा मुंबईच्या पेठेत कोणत्याही जकातीवाचून जाते आणि तेथील माल त्याच्याकडे येतो. मॉरिशसला अशी शेजारपेठ नाही. सर्वांत जवळचे मोठे बेट मादागास्कर सु. ८०० किमी. दूर आहे. धान्य, कापड, इंधन, यंत्रे हे सारे बाहेरून आणावयाचे आणि त्याचे मोल निर्यातीच्या पैशातून चुकते करावयाचे, ही बेटाची जन्मजात अडचण आहे. त्यातच वादळांची भर पडते. १९६० मधील दोन चक्रीवादळांनी साखरेचे उत्पादन आदल्या वर्षीच्या ५.८ लाख टनांवरून सु. २.३५ लाख टनांवर आणले. तरीही मोडून पडून पुन्हा उभे राहणारे उसासारखे दुसरे नगदी पीक तेथे सापडले नाही.

ऊस या बेटावर डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. फ्रेंच गव्हर्नर माए द ला बूर्दोने याच्या काळात, १७४० नंतर, साखरेचे पहिले कारखाने निघाले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. तथापि इंग्लंडच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेवर वेस्ट इंडीजच्या साखरेपेक्षा हंड्रेडवेटमागे दहा शिलिंग अधिक जकात होती. ही तफावत १८२५ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि बेटाचे सारे रूप पालटले. त्यावेळी सु. दहा हजार टन असलेले उत्पादन तीस वर्षांत लाख टनांवर गेले. मळेवाल्यांनी इतर पिके सोडून दिली. लंडनमधील जकातीच्या तक्त्यातील एका दुरुस्तीने हजारो किलोमीटर दूरच्या बेटाचे भवितव्य ठरावे, ही वसाहतींच्या इतिहासात नवलाची गोष्ट नाही; परंतु येथे ती इतक्या स्वच्छपणे दिसते की तिची दखल घेणे भाग आहे.

वाढत्या मळ्यांना मजूर हवे होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. मुक्त झालेल्या गुलामांना काहीच मिळाले नाही. त्यांची जागा घेण्यासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यात येऊ लागले. या प्रथेतील गैरप्रकारांमुळे हिंदुस्थान सरकारने १८३८ मध्ये ही वाहतूक थांबविली व १८४२ मध्ये पुन्हा सुरू केली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सु. साडेचार लाख माणसे अशा रीतीने पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून व त्याखालोखाल मद्रासहून गेली. मुंबईहून निघालेल्यांचा वाटा सर्वांत लहान होता. त्यांत रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतील मराठी कुटुंबे होती. ती बेटाच्या पश्चिम व मध्य भागांत स्थिरावली. कास्काव्हेल येथील विठ्ठल-रखुमाईचे मंदिर व १८९६ मध्ये आँरिएता येथे सुरू झालेला गणेशोत्सव या त्यांच्या जुन्या खुणा होत. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुटी आहे.

ब्रिटनमध्ये खुल्या व्यापाराचा पक्ष प्रबळ झाल्यावर प्राधान्याचा हा पहिला कालखंड संपला. १८४६ च्या कायद्याने वसाहतींच्या व परक्या साखरेवरील जकाती टप्प्याटप्प्याने समान करण्यात आल्या. १८७४ मध्ये साखरेवरील जकात पूर्णपणे रद्द झाली. जर्मनी व ऑस्ट्रियातील बीटसाखर सरकारी अनुदानाच्या जोरावर लंडनमध्ये स्वस्त विकली जाऊ लागली. मॉरिशसने तेव्हा हिंदुस्थानकडे मोर्चा वळविला. १८७६ मध्ये बेटावर रुपया हे चलन ठरले आणि मुंबई हे तेथील साखरेचे मोठे गिऱ्हाईक बनले. जुन्या मराठीत ‘मोरस’ साखर हा शब्द रूढ झाला तो या मॉरिशसच्या नावावरूनच. म्हणजे घाटावरच्या ज्या गावांतून माणसे बोटीवर चढली, त्याच गावांच्या वाण्याकडे त्यांच्या हातची साखर पुडीतून परत आली. बीटसाखर पुढे हिंदुस्थानातही शिरली. तिच्यावर हिंदुस्थान सरकारने १८९९ मध्ये जादा जकात बसविली, त्यामागे मॉरिशसच्या मळेवाल्यांचाही आग्रह होता. मात्र त्याचा खरा लाभ लवकरच जावाच्या साखरेने उचलला. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला आणि १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर भारतात देशी कारखानदारी उभी राहिली, तेव्हा ही पेठ जवळजवळ मिटली.

मंदीच्या या काळाचा एक परिणाम मळेवाल्यांच्या मनात नव्हता. भाव पडल्याने कर्जात बुडालेल्या मालकांनी १८८० च्या सुमारापासून मळ्यांच्या कडेच्या हलक्या जमिनींचे तुकडे विकावयास काढले. करार संपलेल्या मजुरांनी साठविलेल्या पैशातून ते विकत घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी उसाखालील सु. एक-तृतीयांश जमीन भारतीय वंशाच्या लोकांकडे आली होती. प्राधान्याच्या तेजीने त्यांच्या वाडवडिलांना मजूर म्हणून बेटावर आणले. प्राधान्य गेल्यावरच्या मंदीने त्यांना जमीनधारक केले. अर्थात गिरण्या मळेवाल्यांकडेच राहिल्या, आणि लहान बागायतदाराचा ऊस कोणत्या भावाने घ्यावयाचा हे गिरणीवालाच ठरवीत असे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९१९ मध्ये साम्राज्यांतर्गत पसंतीचे तत्त्व स्वीकारले व १९३२ च्या ओटावा परिषदेत ते अधिक व्यापक झाले. मॉरिशसची साखर पुन्हा लंडनकडे वळली. सर्व साखरेची एकत्रित विक्री करणारी मॉरिशस शुगर सिंडिकेट ही संस्थाही १९१९ मधीलच. परंतु सवलतीचा भाव बंदरापासून शेताच्या बांधापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे १९३७ मध्ये दिसून आले. लहान शेतकरी ‘उबा’ नावाचा काटक ऊस लावीत असत. हलक्या जमिनीतही तो चांगला वजनदार येई, मात्र त्यात साखरेचा अंश कमी होता. गिरण्यांनी त्याच्या भावात १५ टक्के कपात केली. शेतकरी व मजूर चिडून उठले. ऑगस्टमध्ये यूनियन फ्लाक येथील मळ्यावर झालेल्या गोळीबारात चार जण ठार झाले. त्यानंतर नेमलेल्या हूपर चौकशी आयोगाच्या अहवालातून कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता व शेतकऱ्यांच्या सहकाराला चालना मिळाली. मॉरिशसच्या लोकशाहीचा आरंभ कित्येक अभ्यासक या घटनेपासून धरतात, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने बेटावरील साखर घाऊक खरेदी केली. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर कराराने ही पद्धत कायम केली : प्रत्येक उत्पादक देशाला नियतांश (कोटा) व वाटाघाटींनी ठरलेला भाव. या सुरक्षिततेत एकपिकी अर्थव्यवस्था अधिकच घट्ट झाली. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा बेटाची जवळजवळ सर्व निर्यात साखरेचीच होती. वाढती लोकसंख्या, बेकारी व वांशिक तेढ लक्षात घेऊन मीड यांनी भवितव्याविषयी निराशेचा सूर लावला होता. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला तो या सावटाखाली.

स्वतंत्र मॉरिशसची कसोटी लागली ती ब्रिटन १९७३ मध्ये यूरोपीय सामायिक बाजारपेठेत दाखल झाल्यावर. राष्ट्रकुल साखर करार १९७४ अखेर संपणार होता. त्याच्या जागी आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील देशांशी नवा करार करण्याची बोलणी चालू असतानाच जागतिक बाजारात साखरेचा भाव अभूतपूर्व चढला. खुल्या बाजारात इतका पैसा मिळत असता स्थिर भावाच्या करारात स्वतःला कशाला अडकवून घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक होते. पंतप्रधान शिवसागर रामगुलाम व कृषिमंत्री सतकाम बुलेल यांनी मात्र भावापेक्षा परिमाणाचा आग्रह धरला. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे करार झाला. त्याला जोडलेल्या साखर-संधिपत्रान्वये सर्व देशांना मिळून दिलेल्या सु. १३ लाख टनांपैकी ४,८७,२०० टनांचा नियतांश एकट्या मॉरिशसला मिळाला. दुसऱ्या क्रमांकावरील फिजीचा १,६३,६०० टनांचा होता. संधिपत्राला मुदत नव्हती. त्याच फेब्रुवारीत ‘जर्व्हेज’ वादळाने ऊस झोपविला व त्या हंगामात नियतांशाएवढीही साखर निघाली नाही. पण निर्णय चुकला नव्हता. जागतिक भाव लवकरच कोसळले. यूरोपातील हमीभाव पुढील तीस वर्षे बहुतेक काळ त्यांच्या वर, कित्येकदा दुपटीहूनही वर राहिला. भारतालाही त्याच वर्षी वेगळ्या कराराने २५,००० टनांचा नियतांश मिळाला होता. तो भारताला पुरा करता आला नाही व पुढे दहा हजार टनांवर आला. घरच्या मोठ्या बाजारपेठेवर विसंबणाऱ्या देशाची व निर्यातीवाचून गत्यंतर नसलेल्या बेटाची वृत्ती यातून चांगली समजते.

या जादा उत्पन्नाचे मॉरिशसने काय केले, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. साखरेच्या निर्यातीवर कर बसवून शासनाने त्यातील वाटा घेतला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मळेवाल्यांनी आपला नफा हॉटेले व कापडधंदा यांत गुंतविला. १९७० च्या कायद्याने निर्यात-प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले होते. लोमे करारामुळे तेथे तयार झालेले कपडे जकातीवाचून यूरोपात जात. हाँगकाँगच्या कारखानदारांवर त्यावेळी कापडाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियतांश-निर्बंध होते, म्हणून त्यांनीही मॉरिशस गाठले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास कपड्यांची निर्यात साखरेच्या पुढे गेली. या कारखान्यांतील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या. साखरेच्या मळ्यांवर जन्मलेल्या मुलींना नियमित वेतनाची नोकरी प्रथम तेथे मिळाली.

एका परीने हेही एका प्राधान्यावर उभारलेले दुसरे प्राधान्यच होते. कापडाचे नियतांश २००४ अखेर संपले आणि चीनच्या मालाला वाट मोकळी झाली. ऑस्ट्रेलिया, ब्राझील व थायलंड यांनी यूरोपीय साखरनीतीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे केलेल्या तक्रारीचा निकाल २००५ मध्ये कायम झाला. यूरोपीय संघाने २००६ पासून साखरेच्या हमीभावात ३६ टक्के कपात आरंभिली, आणि मुदतविरहित म्हटलेले संधिपत्र ३० सप्टेंबर २००९ रोजी संपुष्टात आले. २०१७ मध्ये यूरोपातील अंतर्गत उत्पादनावरील नियतांशही उठले.

इतर बेटांनी हा आघात निरनिराळ्या रीतीने सोसला. सेंट किट्सने तीन शतकांहून जुना साखरधंदा २००५ मध्ये बंदच केला. केळ्यांवर जगणाऱ्या विंडवर्ड बेटांची अवस्था अशाच एका वादाने त्याआधी झाली होती. मॉरिशसने कारखाने एकत्रित केले. २००६ मधील अकरांपैकी तीनच उरले. त्यांनी कच्च्या साखरेऐवजी शुभ्र व खास प्रतीची तपकिरी साखर, चिपाडापासून वीज व मळीपासून मद्यार्क यांवर भर दिला. हजारो मजुरांना रोख भरपाई व जमिनीचा लहान तुकडा देऊन निवृत्त करण्यात आले. लहान शेतकऱ्यांना या पुनर्रचनेत फारसे मिळाले नाही. कारखाने दूर गेले, तोडणीला माणसे मिळेनात, आणि मजुरांच्या वंशजांनी शतकापूर्वी कष्टाने घेतलेल्या तुकड्यांपैकी कित्येक आता पडीक आहेत. १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेले उत्पादन अलीकडील वर्षांत अडीच लाख टनांच्या आसपास आहे.

द्वीपराष्ट्रांच्या विशेष अडचणी संयुक्त राष्ट्रांनी १९९४ च्या बार्बेडोस परिषदेत मान्य केल्या. २००५ मध्ये त्याविषयीची पुढील परिषद मॉरिशसमध्येच भरली. परंतु जागतिक व्यापार संघटनेत या देशांचा वेगळा वर्ग केलेला नाही. दरडोई उत्पन्न बरे असल्याने मॉरिशसला अल्पविकसित देशांच्या सवलती मिळत नाहीत, आणि एकाच वादळाने ते उत्पन्न खाली येऊ शकते याची नोंद त्या मोजमापात होत नाही. म्हणून त्याने स्वतंत्र करारांचा मार्ग धरला. यूरोपीय संघाशी अंतरिम करार २००९ मध्ये झाला व २०१२ पासून अंमलात आला. चीनशी झालेला करार १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. आफ्रिकेतील एखाद्या देशाशी चीनने केलेला हा पहिला मुक्त व्यापार करार होय. भारताशी सर्वंकष आर्थिक सहकार्य व भागीदारीचा करार २२ फेब्रुवारी २०२१ रोजी होऊन १ एप्रिलपासून अंमलात आला. त्यात भारताने ज्या मॉरिशसी मालाला कमी जकातीने प्रवेश दिला, त्यात खास प्रतीच्या साखरेचाही समावेश आहे.