सतरा जणांचा हिशेब

तुम्ही उतरता तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १२ एप्रिल १९७६ ची संध्याकाळ आहे आणि कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या पाठीवर थापा मारतोय. क्वीन्स पार्क ओव्हलच्या फलकावर भारत ४ बाद ४०६. लक्ष्य ४०३ चं होतं. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५, आणि ब्रिजेश पटेल ४९ वर नाबाद. चौथ्या डावात चारशेच्या वर जाऊन जिंकणं याआधी एकदाच जमलं होतं, १९४८ साली लीड्सला, आणि तेही ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाला. गर्दीत त्रिनिदादचे भारतीय वंशाचे लोक बरेच आहेत. कुणाला परतायची घाई नाही.

या गोंगाटात एक गोष्ट विसरू नका. हा सामना इथे व्हायचाच नव्हता. तो होता गयानात, जॉर्जटाउनला. तिथे पाऊस इतका झाला की सामना उचलून त्रिनिदादला आणावा लागला. इथली माती फिरकीला साथ देणारी, म्हणून वेस्ट इंडीजच्या कप्तान क्लाइव्ह लॉइडनं जुमादीन, पॅडमोर आणि इम्तियाझ अली असे तीन फिरकी गोलंदाज खेळवले आणि चौथ्या डावात ते जिंकून देतील या भरवशावर डाव घोषित केला. फिरकीवर लहानाचे मोठे झालेल्या फलंदाजांसमोर! पाहुण्यांना दौऱ्यात हवी तशी खेळपट्टी मिळणं हे असं कुठल्यातरी पावसावर अवलंबून असतं.

लॉइडचा चेहरा जरा बघून ठेवा. दोनतीन महिन्यांपूर्वीच ऑस्ट्रेलियात लिली आणि थॉमसननं त्याच्या संघाला ५-१ असं सोलून काढलंय. आता हे. मालिका १-१ आणि पुढचा मुक्काम किंग्स्टन, जमैका. तीन फिरकी गोलंदाजांचा प्रयोग तो पुन्हा करणार नाही, हे कळायला भविष्यातून यावं लागत नाही.

आता सबाइना पार्क. २० एप्रिल म्हणू या. मैदान लहान, मागे ब्लू माउंटनची रांग, आणि मधोमध नव्यानं घातलेली खेळपट्टी. तुम्हाला कुणी अडवणार नाही, तेव्हा उकिडवे बसा आणि अंगठा दाबून बघा. खेळपट्टी म्हणजे शेवटी थरावर थर दिलेली चिकणमाती. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, सुकू द्यायची, पुन्हा पाणी. हे थर एकजीव व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळेला पर्याय नसतो. नव्या खेळपट्टीत काही जागा घट्ट बसतात, काही पोकळ राहतात. त्यात सुरुवातीची ओल असली की पहिल्या दिवशी वेगवान चेंडू मातीत बारीक खळगे पाडतो. ऊन लागलं की ते खळगे तसेच्या तसे कडक होतात. दुसऱ्या दिवशी एकाच टप्प्यावरचा एक चेंडू खळग्याच्या काठाला लागून गळ्याकडे उसळतो, तर दुसरा पोकळ जागी पडून घोट्याशी सरपटतो. उसळी नुसती मोठी असेल तर फलंदाज तिची सवय करून घेतो, पर्थला सगळे करतातच. कमीजास्त उसळीची सवय होत नाही. डोळ्यांनी बांधलेला अंदाज हातांना खोटा पडतो, आणि वेस्ट इंडीजच्या होल्डिंगच्या वेगापुढे दुसरा अंदाज बांधायला वेळ नसतो. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही.

नंतर भारतीय संघाच्या हॉटेलात एक चक्कर मारा. सतरा माणसं आहेत. जानेवारीपासून घराबाहेर. आधी न्यूझीलंडच्या तीन कसोट्या. तिथे ऑकलंडला कप्तान बेदीच दुखापतीमुळे बाहेर बसला होता, तर वेलिंग्टनला शॉर्ट लेगवर उभ्या गावसकरच्या गालाचं हाड मोडलं. त्या थंडीवाऱ्यातून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅरिबियनच्या उकाड्यात. १० मार्चपासून सहा आठवड्यांत ही चौथी कसोटी. व्यवस्थापक पॉली उम्रीगर आहेत. मुंबईच्या लोकांना त्यांची बॅट आठवत असेल, पण आज त्यांच्याकडे संघाबरोबर फिरणारा फिजिओ नाही. ती पद्धत भारतीय संघात रुळायला आणखी दहाएक वर्षं जायची आहेत. सुजलेल्या बोटाला बर्फ, मुरगळलेल्या पायाला पट्टी, आणि बाकी सगळं उद्या सकाळी बघू. एखादा जायबंदी झालाच तर मुंबईहून बदली खेळाडू बोलावायचा म्हणजे किती दिवस मोडतील, ते तुम्हीच मोजा. यजमानांचं तसं नाही. अँडी रॉबर्ट्स या सामन्यात नाही, तर वेन डॅनियल नावाचा दांडगा पोरगा पहिली कसोटी खेळायला उभा आहे.

२१ तारीख. लॉइड नाणेफेक जिंकतो आणि क्षेत्ररक्षण घेतो. तुमच्या घड्याळात सकाळचे साडेदहा असतील तर मुंबईत रात्रीचे नऊ. सलामीला गावसकर आणि गायकवाड. अंशुमन गायकवाड तेवीस वर्षांचा, चष्मा लावणारा, बडोद्याच्या दत्ताजीरावांचा मुलगा. वडील भारताचे कप्तान होते. दोघांच्या डोक्यावर काय आहे? केस. हेल्मेट घालून कसोटी खेळणारा पहिला माणूस, ग्रॅहम यॅलप, ब्रिजटाउनला उतरायला अजून दोन वर्षं आहेत. छातीला पॅड नाही, कोपराला नाही. हातमोज्यांतल्या गादीत आणि बोटाच्या हाडात अंतर म्हणावं असं काही नाही.

आणि हे दोघं १३६ धावांची सलामी देतात.

ही भागी नीट बघा, कारण पुढच्या रक्तपातात तिचा विषयच मागे पडतो. उसळत्या, दडपणाऱ्या माऱ्यासमोर, घरच्या गोलंदाजांच्या पाठीशी उभ्या असलेल्या गर्दीत, दोन फलंदाज दोन सत्रं काढतात. विकेट पडत नाही म्हटल्यावर होल्डिंग राउंड द विकेट येतो. या कोनातून आखूड टप्प्याचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या बरगडीच्या मागे लागतो. डावीकडे सरकलं तर चेंडू मागून येतो, उजवीकडे सरकलं तर स्टंप उघडे. षटकात तीन-तीन, चार-चार बंपर. पंच काही म्हणत नाहीत. तेव्हाच्या नियमात धाक घालणारी गोलंदाजी ठरवायचा अधिकार पंचांचा होता, आणि पंच यजमानांचे. तशी रीत तेव्हा सगळीकडेच होती, एकट्या वेस्ट इंडीजला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गावसकरनं पुढे 'सनी डेज'मध्ये या सामन्यावर फार कडवट लिहिलं. मला त्यातला राग पटतो, सगळे निष्कर्ष पटत नाहीत. होल्डिंग बावीस वर्षांचा होता, आपल्या गावच्या मैदानावर होता, आणि कप्तानानं सांगितलेलं करत होता. खेळपट्टी तशी नसती तर तेच बंपर डोक्यावरून गेले असते.

दिवसअखेर १ बाद १७८. गावसकर ६६ वर होल्डिंगच्या चेंडूवर त्रिफळाचीत.

रात्री खोलीत गायकवाडचे हात बघण्यासारखे असतील. हातांना चेंडू बसलेत, आणि फलकावर ते कुठेच दिसत नाही. सुजलेल्या बोटांनी मूठ पूर्ण आवळत नाही, बॅटचा दांडा सैल धरला जातो, आणि ज्या खेळपट्टीवर चेंडू शेवटच्या क्षणी दिशा बदलतो तिथे बॅट नेमक्या त्याच क्षणी अंमळ उशिरा येते. मग पुढचा चेंडू पुन्हा हातावर. खराब खेळपट्टी शरीर मोडते, आणि मोडलेल्या शरीराला तीच खेळपट्टी आदल्या दिवसापेक्षा वाईट वाटते. दौऱ्यावरच्या संघाला हे चक्र मोडायला माणूस बदलावा लागतो, आणि माणसं तर मोजकी.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा विश्वनाथ. होल्डिंगचा चेंडू मोज्यावर आदळतो, बोट मोडतं, आणि तोच चेंडू उडून झेलही होतो. एका चेंडूत बादही आणि जायबंदीही. मग गायकवाड, ८१ वर. चेंडू उसळतो, डाव्या कानावर बसतो, चष्मा उडतो. तो आवाज तुम्हाला सीमारेषेवर ऐकू येतो. कानाचा पडदा फाटलाय. माणसाचा तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्याच आत असते, त्यामुळे उभं राहणं हीसुद्धा आता मेहनत आहे. त्याला रुग्णालयात नेतात. त्या कानावर पुढे शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. सात वर्षांनी हाच माणूस जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं उभा राहून २०१ करणार आहे, पण हे आत्ता इथे कुणाला सांगून उपयोग नाही. ब्रिजेश पटेलचं तर दुर्दैव असं की व्हॅनबर्न होल्डरच्या चेंडूला बॅटची वरची कड लागते आणि चेंडू थेट तोंडावर. टाके.

बेदी ६ बाद ३०६ वर डाव सोडतो. पुढे तो स्वतः आणि चंद्रशेखर फलंदाजीला यायचे होते. ज्या दोघांच्या बोटांवर भारताची गोलंदाजी उभी आहे ती बोटं होल्डिंगपुढे ठेवायची नाहीत, हा त्यातला साधा हिशेब. निषेधही होताच.

नियतीचा खवचटपणा असा की ती बोटं वाचली नाहीत. वेस्ट इंडीजच्या डावात स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घ्यायला जाताना बेदी आणि चंद्रशेखर दोघांचे हात दुखावले. चंद्रानं तरीही पाच बळी काढले, १५३ धावांत. पोलिओनं बारीक झालेल्या त्या हातानं. वेस्ट इंडीज ३९१. मैदानावर या काळात कोण क्षेत्ररक्षण करतंय ते बघा. कधी हा, कधी तो. दौऱ्यावरचे सतराच्या सतरा जण या सामन्यात केव्हा ना केव्हा मैदानात उतरले. बदली म्हणून आलेल्या सुरिंदर अमरनाथच्या पोटात दुखायला लागलं आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यालाही रुग्णालयात न्यावं लागलं. खेळपट्टीला त्याचा दोष देता येत नाही, पण हिशेबातून एक माणूस गेला तो गेलाच.

इथून दोन ठिकाणी चटकन जाऊन येऊ.

पहिलं हेच मैदान, २९ जानेवारी १९९८. इंग्लंडचा संघ आहे, खेळपट्टी पुन्हा नवी, उसळी पुन्हा बेभरवशाची. फलंदाजांना एकामागून एक चेंडू लागताहेत, इंग्लंडचा फिजिओ पळत येतोय, परत जातोय, पुन्हा येतोय. ६१ चेंडूंनंतर सामना सोडून दिला जातो. सामनाधिकारी नावाचा माणूस आता असतो आणि त्याचं ऐकलं जातं.

दुसरं ठिकाण ब्रिस्बेन, जानेवारी २०२१. शमीचा हात मोडलाय, उमेशची पोटरी, राहुलचं मनगट, जडेजाचा अंगठा, विहारीचा स्नायू, बुमराहचं पोट, अश्विनची पाठ. यादी किंग्स्टनपेक्षा लांब आहे! पण करोनामुळे जम्बो संघ घेऊन गेले होते आणि सरावाला चेंडू टाकायला पोरंही थांबवून ठेवली होती. त्यांतले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर इथल्या गॅबा मैदानावर कसोटी पदार्पण करतात. पालघरचा शार्दूल ठाकूर सुंदरबरोबर १२३ धावांची भागी करतो. सामन्यात नवदीप सैनीची जांघ दुखावते, तर त्याच्या षटकाचा उरलेला एक चेंडू रोहित शर्मा टाकतो. पुजारा अंगावर, हेल्मेटवर चेंडू घेत राहतो आणि उठून पुन्हा उभा राहतो. अजिंक्य रहाणेचा संघ ३२८ चा पाठलाग करून जिंकतो. शौर्य दोन्हीकडे होतं. ब्रिस्बेनला बाकावर माणसं होती, एवढाच फरक, आणि तो फार मोठा फरक आहे.

परत या. २५ एप्रिल १९७६, भारताचा दुसरा डाव. गावसकर लवकर जातो. नुकताच विशीत पोचलेला वेंगसरकर २१ करतो. मोहिंदर ६०, आणि ते साठ अशा माऱ्यासमोर की पुढच्या त्याच्या कारकिर्दीचं कुणाला नवल वाटू नये. मदनलाल, वेंकटराघवन जातात. पाच बाद ९७, आणि पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून कुणीच उतरत नाही. गायकवाड, विश्वनाथ, पटेल, बेदी, चंद्रशेखर. गुणलेखकाला वाटतं, बेदीनं पुन्हा डाव घोषित केला. तसं लिहिलंही जातं. मग बेदीकडून खुलासा येतो: घोषित नाही, डाव संपलाय, खेळायला कुणी उरलेलं नाही. वहीत दुरुस्ती होते आणि पाच नावांपुढे एकच शेरा पडतो, दुखापतीमुळे अनुपस्थित.

वेस्ट इंडीजला हव्यात १३ धावा. मदनलाल पहिलं षटक टाकतो. दुसऱ्या षटकासाठी चेंडू वेंगसरकरच्या हातात दिला जातो, ज्यानं आयुष्यभरात कसोटीत एकही बळी घेतला नाही. ते षटकसुद्धा पूर्ण होत नाही.