आत्याची कावीळ

खर्ड्याचं नाव काढलं की लोक लगेच लढाईवर येतात. ११ मार्च १७९५, मराठे आणि निजाम, आणि शेवटी किल्ल्यात जाऊन बसलेला निजाम. लहानपणी पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ला दाखवायला न्यायचो आणि हे सगळं पाठ केल्यासारखं सांगायचो. गावाला इतिहास आहे तो एवढाच, असं वाटायचं. घरातल्या दुखण्यालाही इतिहास असतो, हे फार उशिरा कळलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली काढली. शोधत होतो पितळी समई, हाताला लागला आत्याचा केसपेपर. १९८९ चा. घडीवर फाटलेला, पण औषधांची नावं अजून वाचता येतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. त्याखाली वेगळ्या शाईत एकच ओळ : सर्व गोळ्या बंद.

ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. आजी मात्र शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिली, "त्या गोळ्यांनी माझी पोर नेली." माझं पोट औषधांच्या प्रयोगशाळेवर चालतं, तरी तिच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही. मागच्या महिन्यात नात्यातल्या एका मुलाला टीबी निघाला. त्याच्या आईचा फोन आला. "दादा, आत्या ह्याच गोळ्यांनी गेल्या ना? मग देऊ का नको?" फोनवर जमेल तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहितोय. घरच्या मंडळींनी रागावू नये.

आधी घडलं काय ते. आत्याला टीबी झाला तेव्हा ती पंचविशीची होती. अंगात काही उरलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, खोकला कमी झाला, ताप गेला. महिनाभराने तिची अन्नावरची वासना उडाली. मळमळ, उलट्या. "गोळ्या गरम पडतात," म्हणून तिला ताक द्यायला लागले. लघवी गडद व्हायला लागली, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, घाबरू नका, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. त्यामुळे काविळीची पहिली खूण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निसटली.

शेवटी शेजारच्या काकूंनी ओळखलं. "उन्हात ये गं जरा. डोळे पिवळे दिसायलेत तुझे." मग आमच्याकडे करतात ते सगळं झालं. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवली. डोक्यावर माळ ठेवली. जसजशी कावीळ उतरते तशी ही माळ लांबत खाली येते, असं म्हणतात. माळ लांबली. गाठी सैल पडल्या की ती लांबणारच, हे तेव्हा कोण सांगणार? सगळ्यांचं समाधान झालं आणि टीबीच्या गोळ्या आणखी दोन आठवडे इमानाने चालू राहिल्या.

मग मात्र नगरला न्यावं लागलं. तिथे ती ओळ लिहिली गेली, सर्व गोळ्या बंद. पाच आठवड्यांनी डोळे स्वच्छ झाले. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवसांनी आणा, एकेक गोळी परत सुरू करू." कुणी नेलं नाही. घरातल्या कुणाची हिंमतच झाली नाही. १९९२ च्या जानेवारीत आत्या गेली, ती खोकून खोकून गेली. तेव्हा तिचे डोळे पांढरेशुभ्र होते.

आता या गोळ्यांचा इतिहास. थोडं शास्त्र येईल, कंटाळा आला तर दोन परिच्छेद गाळा.

आयसोनियाझिड पहिल्यांदा तयार झालं १९१२ मध्ये, प्रागमध्ये. मेयर आणि मॅली नावाच्या दोघांनी बनवलं आणि त्याचा उपयोग काय हे न कळल्यामुळे ते चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते क्षयरोग्यांना दिलं आणि मरणाला टेकलेली माणसं उठून जेवायला मागू लागली. मग आपल्याकडे मद्रासला १९५६ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. १९३ रोग्यांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निकाल छापून आला : घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे होतात. मिरजेच्या किंवा पाचगणीच्या हवेत जाऊन राहण्याची ऐपत नसलेल्या माणसाला या निकालाने जीवदान दिलं. आत्याला खर्ड्यात, आमच्या ओसरीवर, उपचार मिळाले ते या प्रयोगामुळे.

पण सॅनिटोरियममध्ये रोग्याकडे रोज बघणारी नर्स असते. ओसरीवर कोण असतं?

आयसोनियाझिडने कावीळ होते यावर बराच काळ डॉक्टरांचाही विश्वास बसत नव्हता. एखाद्याला झालीच तर साथीची असेल म्हणायचे. डोळे उघडले ते १९७० मध्ये, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलवर. तिथल्या कचेऱ्यांमध्ये टीबीचा संसर्ग आढळला म्हणून प्रतिबंधासाठी २,३२१ जणांना आयसोनियाझिड दिलं. ही धडधाकट माणसं होती. त्यातल्या १९ जणांचं यकृत बिघडलं आणि दोघं दगावली. त्यानंतरच्या मोठ्या पाहणीतून कळलं की वय वाढतं तसा हा धोका वाढतो. पायराझिनामाइडची कथाही अशीच. पन्नासच्या दशकात मोठ्या डोसने यकृत बिघडायचं म्हणून ते बाजूला पडलं, पुढे लहान डोसमध्ये परत आलं, आणि त्याच्यामुळे नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला.

मग सगळ्यांना का होत नाही? औषध यकृतात गेल्यावर यकृत त्याची मोडतोड करतं. आयसोनियाझिडच्या मोडतोडीतून हायड्राझिनसारखे विषारी तुकडे निघतात. ते निरुपद्रवी करण्याचा वेग प्रत्येकाच्या शरीरात वेगळा असतो आणि तो जन्मतःच ठरलेला असतो, हे १९६० मध्ये इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक माणसं या बाबतीत मंदगती आहेत. त्यात अंगात रक्तमांस नसेल, पोटात दारू असेल, तर धोका आणखी वाढतो. बेंगळुरूच्या डॉ. हर्षद देवरभावी यांनी २०१० मध्ये औषधांमुळे यकृत बिघडलेल्या ३१३ रोग्यांचा अभ्यास छापला. त्यातले ५८ टक्के टीबीच्या औषधांचे होते आणि एकूण १७ टक्के दगावले होते. म्हणजे आत्या काही एकटी नव्हती.

या धोक्याची खूण कशी ओळखायची, याचाही इतिहास आहे. पहिली खूण म्हणजे काकूंनी पाहिलेले पिवळे डोळे. ती उशिराची. हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की औषधाने यकृताच्या पेशी मरून कावीळ दिसू लागली, तर दहातला एक रोगी वाचत नाही. दुसरी खूण रक्तात. पेशी फुटल्या की त्यांच्यातली एन्झाइम्स रक्तात उतरतात. पन्नासच्या दशकात ती मोजता येऊ लागली, तेच आपलं एसजीपीटी. ही खूण डोळ्यांच्या आधीची, पण तोवर पेशी फुटलेल्या असतातच.

तिसरी खूण पेशी फुटण्याच्याही आधीची. १९६२ मध्ये इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी चुकून उबवणपेटीचं तापमान वाढवलं आणि माश्यांच्या गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेने घाबरलेली पेशी स्वतःला वाचवायला नवी प्रथिनं बनवू लागली होती. पुढे कळलं की पेशीकडे असे अनेक बंदोबस्त आहेत. विषारी तुकड्यांचा मारा झाला की एनआरएफ-२ नावाचं प्रथिन जागं होतं आणि विष निवारणाऱ्या जनुकांना कामाला लावतं. जपानच्या मासायुकी यामामोटो यांच्या गटाने हे १९९७ ते १९९९ या काळात उलगडलं. प्रथिनांच्या घड्या बिघडल्या की दुसरा गजर, डीएनएला इजा झाली की तिसरा.

मग लोकांच्या डोक्यात आलं, औषध माणसाला देण्याआधीच पेशीला देऊन हे गजर का ऐकू नयेत? नेदरलँड्समध्ये लायडनच्या बॉब फान द वाटर यांच्या गटाने यकृताच्या पेशींमध्ये असे बदल केले की गजर वाजला की पेशी हिरवी चमकते. एकेक औषध वेगवेगळ्या मात्रेत घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघत बसायचं. कुठला गजर, किती लवकर, किती जोरात, यावरून ते औषध यकृताला किती त्रासाचं आहे याचा अंदाज बांधायचा. ही पद्धत खरोखर उपयोगी आहे आणि पुष्कळ वाईट औषधं अशा चाळणीत आधीच अडकू शकतात.

पण एक मेख आहे. हेप-जी-२ नावाच्या या पेशी सत्तरच्या दशकात अर्जेंटिनाच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून आल्या. वर्षानुवर्षं बशीत वाढून त्या औषधाची मोडतोड करायचं बरंचसं विसरल्यात. त्यामुळे जे औषध मोडतोडीनंतर विषारी होतं ते त्यांना गोंडस वाटू शकतं. म्हणजे नेमकं आयसोनियाझिडसारखं. शिवाय बशीतल्या पेशीला उपास घडत नाही, तिने दुष्काळ पाहिलेला नसतो, ती ऊसतोडीला गेलेली नसते. धोका कुठल्या औषधात आहे हे बशी सांगेल. कुठल्या ओसरीवर आहे हे सांगायला माणूसच लागेल.

आमच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, बहुतेक अक्षरशत्रू, आणि त्यांना रोगी ओळखायला आणि त्याच्या मागे राहायला शिकवलं. आमच्या गल्लीत अशी शिकलेली बाई असती तर मळमळीच्या पहिल्या आठवड्यातच गोळ्या थांबल्या असत्या. आणि महत्त्वाचं म्हणजे, नंतर तिने आत्याला हाताला धरून परत नेलं असतं.

कारण आजीचं वाक्य अर्धंच खरं होतं. गोळ्यांनी आत्याचं यकृत दुखावलं, पण ते सावरलं. तिला नेलं ते टीबीने, आणि टीबीला वाट करून दिली आमच्या भीतीने. कुणाचा दोष म्हणून लिहीत नाही. त्या माणसांनी कावीळ पाहिली होती, मी फक्त केसपेपर पाहिला.

तर वहिनी, गोळ्या द्या. रोज द्या. उपचारांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून आधी एकदा रक्त तपासून घ्या. भूक गेली, मळमळ सुरू झाली, उजव्या कुशीत दुखू लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्यांना गाठा. माळ, चुना नको. आणि त्यांनी गोळ्या थांबवल्याच, तर परत कधी सुरू करायच्या ती तारीख तिथेच लिहून घ्या. आत्याच्या केसपेपरवर तेवढीच एक ओळ राहून गेली होती.