एकच माप



दुसऱ्याचे मन वाचणे, पुढचे आधी कळणे, अशा गोष्टींच्या अभ्यासाला परामानसशास्त्र म्हणतात. मानसशास्त्राची क्रमिक पुस्तके त्याला बहुधा थोडकी पाने देतात आणि ‘प्रयोग पुन्हा केला, फळ आले नाही’ असा निकाल सांगून मोकळी होतात. निकाल योग्यच आहे. पण तो कसा लागला, हा इतिहास अधिक मोलाचा.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या जे. बी. ऱ्हाईन यांनी पाच चिन्हांचे २५ पत्ते ओळखावयास लावले. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात. काहींचे बरेच अधिक आले, असे त्यांनी १९३४ च्या ग्रंथात लिहिले. पुढे टीकाकारांनी दाखविले की, काही पत्त्यांवरील चिन्हे पाठीमागूनही दिसत. १९७४ साली नागपुरात एक मराठी स्त्री बंगाली बोलू लागली, स्वतःस शारदा म्हणवू लागली. व्ही. व्ही. अकोलकर व इयान स्टीव्हन्सन यांनी तपास केला. तेथेही प्रश्न तोच: बंगाली शिकण्याची साधी वाट बंद होती काय?

२०११ साली डॅरिल बेम यांनी भविष्यज्ञानाचे नऊ प्रयोग छापले. ते स्वतः एका नामांकित क्रमिक पुस्तकाचे सहलेखक! त्यांतील काही प्रयोग इतरांनी करून पाहिले. फळ आले नाही. परंतु बेम यांची पद्धत मानसशास्त्रात रोजच्या वापरातली होती. २०१५ साली मानसशास्त्राचेच १०० अभ्यास पुन्हा केल्याचा अहवाल निघाला. मूळ परिणाम सुमारे ३६ टक्क्यांतच टिकला.

संपाचे मतदान आम्ही विरुद्ध बाजूच्या माणसासमोर मोजतो. त्यांची मते तशी आपलीही. औरंगपुऱ्यात पुस्तक घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती हेच माप पडावे. शेजाऱ्याची झडती घेणाऱ्याने आपलीही पेटी उघडावी.