सजगता-ध्यान : मावळ व लोणावळा परिसर

श्वास, शरीर, संवेदना आणि मनात उमटणाऱ्या वृत्ती यांचे भान सुटू न देता, त्यांच्याशी न झगडता त्या पाहत राहण्याची साधना. पाली ग्रंथांत हिला ‘सती’ म्हटले आहे. ‘सती’ हे संस्कृत ‘स्मृती’चे पाली रूप, मराठीत रूढ असलेल्या सती या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पालीचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये तिच्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण आणि जुनाट दुखणी सुसह्य व्हावीत म्हणून एक अभ्यासक्रम सुरू केला. धर्माची चौकट त्यांनी जाणून बाजूला ठेवली होती. रुग्णांना त्याचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे हे ध्यान म्हणजे मन शांत करण्याची एक रीत, एवढीच त्याची ओळख शहरांत उरली. मावळात मात्र ते कसे जगले गेले, याचा पुरावा दगडात कोरलेला आहे.

स्मृती म्हणजे आठवण. मग चालू क्षणाच्या भानाला आठवण का म्हणावे? कारण केवळ लक्ष लागणे येथे पुरेसे मानलेले नाही. दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याचेही लक्ष एकाग्रच असते. साधकाने आपण काय करायला बसलो आहोत, कशातून सुटू पाहत आहोत, हे विसरू नये, असा या शब्दाचा रोख आहे. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी तिची चार क्षेत्रे सांगितली आहेत. त्यांपैकी कोठेही पाहिले तरी जे उगवते ते मावळते, हेच साधकाला दिसावे, अशी त्यामागची धारणा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतही श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा अशा क्रमात स्मृती येते. आणि वारकऱ्यांचे नामस्मरण याच ‘स्मृ’ धातूपासून आलेले आहे. या साधनेचे आध्यात्मिक अंग शोधायचे तर या एका धातूपाशी थांबावे लागते.

मावळ हे नावच लेण्यांतील लेखांत सापडते. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ या विभागाचा उल्लेख आहे. मावळ हे त्याचेच आजचे रूप समजले जाते. भाजे येथील लेणी इ. स. पू. दुसऱ्या शतकापासूनची, बेडश्याची त्यानंतरची. कार्ल्याचे, ३७ खांबांचे चैत्यगृह भारतातील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे आहे. पाहणाऱ्याची नजर चैत्याच्या कमानीवर खिळते, ते स्वाभाविकच आहे. साधनेच्या दृष्टीने मात्र बाजूच्या विहारांतील खोल्या अधिक बोलक्या आहेत : एका माणसापुरती जागा, झोपायला दगडी ओटा, जवळ पावसाचे पाणी साठवणारे टाके. लेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे.

येथील भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या (तेव्हाच्या वळूरकाच्या) लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले. मावळच्या धो-धो पावसात कोणी डोळे मिटून बसू शकत होता, तो खालच्या खोऱ्यात दुसरे कोणी भात लावत होते म्हणून. शेलारवाडीच्या लेण्यातील एक लेख धेनुकाकट येथील नांगरकरी कुटुंबिकाची पत्नी सिअगुतणिका हिच्या दानाचा आहे. एका शेतकऱ्याच्या बायकोने आपल्या मुलासह हे लेणे दिले. ध्यान ही एकट्याची गोष्ट आहे, हा समज येथे टिकत नाही.

याच शेलारवाडीच्या डोंगराला आज घोरावडेश्वर म्हणतात. लेण्यात महादेवाची पिंडी आहे. सतराव्या शतकात तुकोबा येथे आणि इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसत, अशी वारकरी परंपरा सांगते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावणारी इंद्रायणी कार्ला-भाज्याच्या खोऱ्यातून देहू आणि आळंदीला जाते. भिक्षू श्वासाकडे परत येतो, वारकरी नामाकडे. भरकटलेले मन न चिडता माघारी आणायचे, ही कृती दोघांचीही एकच. ध्येये मात्र वेगळी आहेत, आणि ती एकच असल्याचे सांगणे दोन्ही परंपरांवर अन्यायाचे होईल. नामात भेटणारा विठ्ठल सतिपट्ठानात नाही.

लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे गुरू. आसने, नौली, प्राणायाम यांच्या वेळी शरीरात काय घडते हे कुवलयानंदांनी क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले. येल विद्यापीठाचे के. टी. बेहानन त्यांच्याकडे शिकून गेले. बेहानन यांचा योगावरील ग्रंथ १९३७ मध्ये निघाला. कैवल्यधामातील साधना योगमार्गाची आहे : प्राणायामात श्वासाचे नियमन होते, तर बौद्ध परंपरेतील आनापानसतीत तो जसा आहे तसा केवळ पाहायचा असतो. हा फरक अनेक शिबिरांत पुसला जातो, तो जाऊ नये. प्रयोगशाळा उभारणाऱ्या कुवलयानंदांनी संस्थेच्या नावासाठी योगसूत्रांच्या चौथ्या पादातील ‘कैवल्य’ हा शब्द घेतला, यात त्यांची दृष्टी दिसते. शरीराचे मोजमाप त्यांना हवे होते. मोक्षाची जागा मात्र त्यांनी आरोग्याला दिली नाही.

बौद्ध ध्यानाचा विसाव्या शतकातील मराठी परिचय प्रथम धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या लेखनातून झाला. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी येथे सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होऊ लागली, आणि हे ध्यान सामान्य मराठी माणसापर्यंत पोहोचले. तेथे श्वासाकडे वळण्याआधी पंचशील घ्यावे लागते आणि शेवट मैत्रीभावनेने होतो. शील आणि मैत्री वगळून उरलेल्या श्वासनिरीक्षणाला सजगता म्हणावे का, हा प्रश्न सप्ताहअखेरच्या शिबिरांसाठी लोणावळ्याला येणाऱ्याने स्वतःला विचारावा.

बेडश्याच्या लेण्याजवळ एक लहान स्तूप आहे. मारकूड येथे राहणाऱ्या गोभूती नावाच्या थोर भिक्षूसाठी त्याचा शिष्य आसाळमित याने तो उभारला. तेथील लेखात गोभूतीच्या ध्यानाविषयी एक अक्षरही नाही. तो अरण्यात राही आणि भिक्षेवर जगे, एवढेच तेथे कोरलेले आहे.